डाव्या बाजूची जोड

गुरुवारी दुपारी सव्वातीनला ऑगी हुडाकला ते दिसलं, आणि तिथून पुढे पाच दिवस त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून लाभली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून तो ट्रेमेन गिड्रीचे सामने पाहत बसला होता. मागे घ्यायचं, थांबवायचं, पुन्हा पुढे सोडायचं. हे त्याचं दर आठवड्याचं काम. ऑगी अकरा वर्षं एरी हॅमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा डावा टॅकल होता. गुडघे संपले तेव्हा मैदान सुटलं, पण तोंड शाबूत होतं, म्हणून रेडिओवाल्यांनी त्याला उचललं. गेली एकोणीस वर्षं, हंगामातल्या दर शुक्रवारी बाराच्या ठोक्याला, स्लोव्हाक क्लबात माशांच्या तळणीच्या वासात बसून तो रविवारच्या सामन्यातल्या जोड्या लावून दाखवायचा. कुस्तीच्या फडात लावतात तशाच: आपला हा त्यांच्या त्या गड्यासमोर, कोण कोणाला भारी, आपली मान कुठे अडकणार. त्याचा बाणा एकच होता, दिसलं ते बोलायचं. बायको बर्नी म्हणायची, याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती हे कौतुकानं म्हणते असा त्याचा समज होता.

या रविवारी गाठ डुलूथ लिंक्सशी होती. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर थेट पुढच्या सप्टेंबरात भेटू. आणि सगळा सामना एकाच जोडीवर येऊन ठेपला होता, हे गावातल्या न्हाव्यालाही कळत होतं. डुलूथचा कोल स्टँगलंड नावाचा राक्षस या हंगामात चौदा वेळा समोरच्या क्वार्टरबॅकला आडवा करून आला होता. क्वार्टरबॅक उजव्या हातानं चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते, आणि पाठीमागून काय येतंय ते त्या बिचाऱ्याला दिसत नाही. तिथे डावा टॅकल उभा असतो. पाठराखण म्हणतात ती हीच. एरीच्या नेहमीच्या टॅकलचा खांदा सहा आठवड्यांपूर्वी निखळला, तेव्हापासून ही पाठराखण तेवीस वर्षांचा ट्रेमेन करत होता. लुइझियानाचा पोरगा, बर्फ पाहून सुरुवातीला खिशात भरून फोटो काढणारा. चांगला खेळत होता. पण बदली तो बदलीच. एक वाईट रविवार, आणि मंगळवारी सामान बांधा.

ऑगीनं चित्र थांबवलं. ट्रेमेन हात जमिनीला टेकवून दबा धरून बसला होता. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की त्याच्या अंगाचा सगळा भार त्या बोटांवर यायचा, नखं पांढरी पडायची. फेकायचा डाव असला की बोटं नुसती टेकलेली. ऑगीनं कागद घेतला आणि डाव सुरू व्हायच्या आधीच लिहायला लागला: पळणार, फेकणार, फेकणार, पळणार. एक्केचाळीस डाव पाहिले. एक्केचाळीस बरोबर आले.

बर्नी बाजारातून पिशव्या घेऊन आली तेव्हा तो संगणकाकडे पाठ करून बसला होता.

"काय रे, आजारी आहेस का? चेहरा बघ कसा झालाय."

"काही नाही."

"ऑगी हुडाक म्हणतोय 'काही नाही'? थांब, डॉक्टरला फोन लावते."

मग त्यानं तिला दाखवलंच. "हे बघ, बोटं बघ. भार आहे ना? आता पळणार. पळाला! आता हे बघ. बोटं कशी, गरम तव्याला लावल्यासारखी. फेकणार. फेकला! मला दिसलं, म्हणजे डुलूथवाल्यांना दिसणारच. त्यांच्याकडे या कामाला चार-चार माणसं बसवलेली असतात. स्टँगलंडला आधीच कळलं की चेंडू फेकणार आहेत, तर तो धडक द्यायला मोकळा. वेसला मागून असा येऊन बसेल की..."

वेस टालमन हा एरीचा क्वार्टरबॅक.

"हो, दिसतंय," बर्नी म्हणाली. एवढंच. मग कांदे सोलत बसली ती संध्याकाळपर्यंत अक्षर बोलली नाही. ऑगीला वाटलं, चाळीस वर्षं फुटबॉल ऐकून बाई कंटाळली असेल. पुरुषाला असलं काहीतरी वाटतं आणि तो पुढच्या विचाराला लागतो.

रात्री तो तीनदा उठून पाणी प्यायला.

शुक्रवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑगीपुढच्या टेबलावर नेहमीप्रमाणे मीठदाण्या आणि मिरपुडीच्या डब्या मांडल्या होत्या. मीठ म्हणजे आपले, मिरपूड म्हणजे ते. रेडिओवर मीठदाणी कोणाला दिसणार, हा प्रश्न एकोणीस वर्षांत एकानंही विचारला नव्हता.

"मंडळी," निवेदक चिप पाल्मिसानोनं सुरुवात केली, "बाहेर सात इंच बर्फ, आत तळलेला पर्च मासा, आणि माझ्या शेजारी ऑगी हुडाक, ज्यानं आजवर एकही गोष्ट मनात ठेवलेली नाही!"

ऑगीनं पहिल्या तीन जोड्या झोकात लावल्या. मधल्या फळीतला आपला जाडा त्यांच्या जाड्याला पुरून उरेल. त्यांचा कडेनं पळणारा गडी वेगवान आहे, पण मार खायला भितो, पहिल्याच डावात एक ठेवून द्या. त्यांचा चेंडू लाथाडणारा वाऱ्यात गडबडतो, आणि आपल्या तळ्यावरचा वारा कोणाच्या बापाचा नोकर नाही. लोक हसत होते, टेबलं बडवत होते. मग चिपनं फोन घेतला. पलीकडे गर्ट नोविकी, दर आठवड्याची गिऱ्हाईक.

"ए ऑगी, सगळं सांगितलंस, पण मुद्द्याचं बाजूला ठेवलंस. तो लुइझियानाचा पोरगा स्टँगलंडसमोर काय करणार ते बोल. का आज नेमका तोंडात पिरोगीचा घास अडकलाय?"

"गर्ट, तुझं वय काय गं?"

"ऐंशी. आणि माझे दोन्ही गुडघे माझेच आहेत."

क्लब हसून लोटपोट झाला. ऑगीनं डाव्या बाजूची मीठदाणी उचलली, मिरपुडीच्या डबीसमोर ठेवली, पुन्हा उचलली. डुलूथचे लोक एरीचा रेडिओ ऐकत असत, एरीचे डुलूथचा. त्यात कोणाला लाज नव्हती. बोलावं तर आपल्याच माणसाला शत्रूच्या हाती द्यायचं. न बोलावं तर...

"पोरगा... तगेल," तो म्हणाला.

"तगेल?" चिप वाट पाहत राहिला. रेडिओवर चार सेकंद नुसती तळणीची चरचर गेली. "एवढंच?"

"एवढंच."

"डोकंपण प्लॅस्टिकचं बसवून घेतलंय वाटतं, गुडघ्यांसारखं," मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी हसणं जरा निराळं होतं. ऑगीला ते झोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दिसलेलं गिळलं होतं.

परतताना गाडी बर्नीच चालवत होती, त्याचे गुडघे थंडीत आखडत म्हणून. ऑगीचं तोंड सुरू झालं.

"मी आता सरळ पोराकडे जातो. त्याचा सराव एकला सुटतो. तासाभरात सांगून, दाखवून मोकळा. हातात अजून दोन दिवस आहेत."

"नको सांगूस."

"का नको?"

"हंगाम चालू असताना माणसाच्या पवित्र्याला हात लावायचा नाही."

"हो गं बाई, लुबोचा नियम! लुबोला जाऊन बारा वर्षं झाली." लुबो हा ऑगीच्या काळचा प्रशिक्षक. त्याचं म्हणणं असं की खेळणाऱ्याचं अंग आपल्या सवयीनं चालतं. त्याला एकदा का हाताचा विचार करायला लावलात की तो पाय विसरतो. दुखणं उन्हाळ्यात काढायचं, हिवाळ्यात त्याच्यासकट खेळायचं. या धंद्यातले सगळेच हे मानत, ऑगीसुद्धा मानत आला होता.

बर्नीनं गाडी तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत वळवली आणि इंजिन चालूच ठेवून थांबवली. काचेपलीकडे पाणी आणि आभाळ एकाच करड्या रंगाचं होतं.

"त्र्याण्णवचा डिसेंबर," ती म्हणाली. "तुझी टाच."

"कसली टाच?"

"उजवी. फेकायचा डाव असला की उचलायचास. एवढीशी. मला तिसऱ्या रांगेतून दिसायची. मी आणि लुबोची बायको वांडा ओरडायचो, पळणार, फेकणार. आमची रांग हसायची. मग माझंच हसू गेलं. मी वांडाला म्हटलं, लुबोच्या कानावर घाल. लुबोनं उलटा निरोप पाठवला: आता दोनच सामने राहिलेत, उन्हाळ्यात बघू, त्याला काही बोलू नकोस. मी नाही बोलले."

पुढचं ऑगीला सांगायची गरज नव्हती. त्या दोनातल्या पहिल्याच सामन्यात एरीचा तेव्हाचा क्वार्टरबॅक जीन कोस्टेलो पाठीमागून पडला आणि त्याचा गुडघा असा फिरला की आवाज बाकड्यांपर्यंत गेला. जीन पुन्हा खेळला नाही. त्याला पाडणारा ऑगीच्याच बाजूनं आला होता. जीननं कधी एका शब्दानं दोष दिला नाही, ॲरिझोनात छपरांचा धंदा काढला, दोन लग्नं केली.

"मी घसरलो होतो," ऑगी म्हणाला. "मैदान गोठलं होतं. अख्ख्या गावानं पाहिलंय."

"नाही रे. तू घसरला नव्हतास. तू हलायच्या आधी तो निघाला होता. नंतर त्यानं गाड्यांपाशी लुबोला हसत हसत सांगितलं, तुमच्या हुडाकची टाच फार बोलते."

ऑगीला गाडीतून उतरून चालू लागावंसं वाटलं. पण बाहेर घोट्याएवढा बर्फ, आणि गुडघे असे. रागानं पाय आपटायचीसुद्धा सोय नाही, म्हणजे पाहा.

"एकतीस वर्षं, बर्नी! मी क्लबात, चर्चमध्ये, पोरीच्या लग्नात, सगळीकडे सांगत सुटलो, घसरलो, घसरलो! आणि तू शेजारी उभी राहून मान हलवत होतीस?"

"हो."

"जीनचा पाय गेला!"

"मला माहीत आहे कोणाचं काय गेलं ते."

"मला ट्रेमेनकडे सोड. आत्ताच्या आत्ता."

तिनं गाडी मागे घेतली. वाटेत एवढंच म्हणाली, "मी चुकले म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, ऑगी." त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं.

ट्रेमेन एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. त्यानं दार उघडलं तेव्हा पायात लोकरीचे दोन-दोन मोजे होते आणि घरात राजमा शिजत होता.

"सर! या, या. आज रेडिओवर माझ्याबद्दल एकच शब्द बोललात. आईनं फोन करून विचारलं, तुझ्यावर नाराज आहेत का ते म्हातारे गृहस्थ?"

"म्हातारे गृहस्थ खाली अंगणात बोलवताहेत म्हणावं. बूट घाल."

मागच्या अंगणात गाड्या लावायच्या जागेवरचा बर्फ खरवडून काढलेला होता. ऑगी कण्हत, शिव्या देत वाकला आणि पवित्र्यात बसला. बासष्टाव्या वर्षी, दोन नकली गुडघ्यांवर. त्यानं बोटं रोवली. "हा पळायचा डाव." मग बोटं हलकी केली. "हा फेकायचा. हा तू आहेस. सहाही सामन्यांत. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस."

ट्रेमेनच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत उतरत गेलं. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"आमच्या प्रशिक्षकांना माहीत असेल?"

"असेलही. ते नाही सांगणार."

"डुलूथला?"

इथे ऑगीला खरं म्हणजे 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे जीन होता, कानात टाच बोलत होती आणि पोटात बायकोवरचा राग होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "माहीत आहे असंच समज. आणि एक बोट जरी चुकलं, तरी वेसचा पाय गेला म्हणून समज."

"हो सर," ट्रेमेन म्हणाला.

दोन-तीन तास त्यांनी सराव केला. भार इतका, ना जास्त ना कमी. ऑगी हाका द्यायचा, पोरगा हलायचा. अंधार पडायच्या बेताला बोटं दर वेळी सारखीच दिसायला लागली. ऑगीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. पाठ घामानं भिजली होती, एवढ्या थंडीत.

शनिवारी ऑगीच्या पायाला भिंगरी लागली. त्यानं अंगणातला बर्फ दोनदा काढला, शेजाऱ्याचाही काढला, शेजारी नको म्हणत असताना. बर्नीशी कामापुरतं बोलायचा: मीठ कुठे आहे, किल्ली दे. तिनंही जास्त काही काढलं नाही. दुपारी त्यानं ट्रेमेनला फोन करायला म्हणून चारदा क्रमांक काढला आणि चारदा ठेवून दिला. आता पोराला आठवण करून द्यावी की विसरू द्यावं, हेच त्याला कळेना.

रविवारी दुपारी एक वाजता रेडिओच्या खोलीत दुर्बीण डोळ्यांना लावून ऑगी बसला. त्याला ना चेंडू दिसत होता ना वेस, फक्त एक हात दिसत होता.

पहिला डाव. बोटं ठीक. चेंडू फेकला, स्टँगलंड धडकला, ट्रेमेननं त्याला छातीवर घेतला आणि भिंतीसारखा उभा राहिला. ऑगीनं श्वास सोडला. दुसरा डाव, पुन्हा बोटं अगदी सारखी. तिसऱ्या डावाला वेसची ठरलेली हाक अजून यायची होती आणि ट्रेमेन एकटाच उठला. पंचांचा पिवळा रुमाल पडला. वेळेआधी हलल्याबद्दल पाच यार्ड मागे.

"होतं असं, पोरगा उत्साहात आहे," चिप माइकवर म्हणाला.

ऑगीची दुर्बीण त्या हातावरच होती. त्याला दिसत होतं ते चिपला दिसत नव्हतं. पोरगा खाली हाताकडे पाहत होता. वेस हाक देत होता आणि पोरगा बोटांवरचा भार मोजत होता. भार मोजता मोजता हाका मोजायच्या राहून जात होत्या.

दुसऱ्या रुमालाला लोक कुजबुजले, तिसऱ्याला हुर्यो उडवू लागले. आपल्याच मैदानात, आपलेच साठ हजार लोक. चौथा रुमाल पडला तेव्हा एरी गोलरेषेपासून दोन यार्डांवर होतं. ते सात यार्डांवर गेलं, आणि प्रशिक्षकानं हात हलवून ट्रेमेनला बाहेर बोलावलं. तो बाकाच्या टोकाला जाऊन बसला. कोणी त्याच्या शेजारी बसलं नाही. त्याच्या जागी एक पस्तिशीचा थकलेला गडी गेला आणि त्यानं मध्यंतरानंतर कसाबसा किल्ला लढवला. एरी तीन गुणांनी जिंकलं. गाव नाचत रस्त्यावर आलं. चिपनं ऑगीला मिठी मारली, तेव्हा त्याला जाणवलं की आपल्याला दरदरून घाम फुटलाय.

सामन्यानंतर पाहुण्यांच्या खोलीबाहेर दोन-चार शब्द घ्यायचं काम ऑगीचंच असे. स्टँगलंड भिंतीला टेकून बर्फाची पिशवी मानेवर धरून उभा होता. जवळून पाहिला तर साधा, लाजाळू माणूस. मुलाखत झाली. ऑगीनं ध्वनिमुद्रण बंद केलं, यंत्र खिशात टाकलं, आणि मग विचारलं.

"एक सांग. पहिल्या अर्ध्यात, आमच्या पोराचा हात बघत होतास ना?"

"कोणता हात?"

"जमिनीवरचा. भार, बोटं..."

स्टँगलंड हसला. "काका, मला लांबचं धड दिसत नाही. मी फक्त चेंडू हलला की पळतो. हातबित बघायची कामं प्रोफेसरांची. आमच्यात कोणी बोललंही नाही त्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "पण पोरगा दमदार होता हो. रुमाल सोडले तर मला एकदाही जाऊ दिलं नाही त्यानं. काय झालं होतं त्याला आज?"

"थंडी," ऑगी म्हणाला.

घरी येऊन त्यानं बर्नीला सगळं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ती म्हणेल म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी बातमी आली. एरीनं ट्रेमेन गिड्रीला मोकळं केलं. दोन ओळी होत्या, खाली बूट आणि टोप्यांची जाहिरात.

अकराच्या सुमाराला त्याची गाडी दारात उभी राहिली. मागच्या बाकावर पार छतापर्यंत सामान, वर इस्त्रीचे सदरे टांगलेले. ट्रेमेन हातात एक डबा घेऊन उतरला.

"सर, बाईंसाठी. आईनं पाठवल्यात, पेकानच्या वड्या. बाराशे मैल जायचंय, निघताना तुम्हाला न भेटता जाणं बरं नाही दिसलं."

ऑगी जिना उतरून खाली आला. रविवारपासून तो एक वाक्य मनात घोळवत होता. पाचच शब्दांचं: त्याला काही माहीतच नव्हतं, पोरा. त्यानं तोंड उघडलं.

"मला बोलू द्या आधी," ट्रेमेन म्हणाला. "सगळे फोन करून हळहळताहेत. मी म्हटलं, कशाला? वेस रविवारी आपल्या पायांनी घरी गेला. स्टँगलंडला माझा हात वाचता आला असता तर त्यानं वेसला मोडला असता. मी चार रुमाल खाल्ले, पण त्याला वाचू नाही दिलं. एकदाही नाही. माझं काम गेलं, ते गेलं. पण माणूस वाचवून गेलं. हे तुमच्यामुळे. बाकी कोणी सांगितलं नसतं मला. आईलाही हेच सांगितलं मी, तेव्हा कुठे ती रडायची थांबली."

त्यानं हात पुढे केला. तोच हात. ऑगीनं तो दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. पोराच्या डोळ्यांत थकवा होता, पण मान ताठ होती. त्या मानेखालचा आधार काढून घ्यायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य खरं होतं. ऑगी हुडाकनं जन्मभर खरं बोलून दाखवलं होतं, फुकट, मोठ्यानं, माशांच्या वासात.

"ओहायोत बर्फ आहे," तो म्हणाला. "गाडी जपून चालव."

"हो सर."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो बर्फात उभा राहिला. मग कठडा धरत धरत वर आला. बर्नी टेबलापाशी बसली होती. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं.

"सांगितलंस?"

"नाही."

तो तिच्या समोरची खुर्ची ओढून धपकन बसला. नळ ठिबकत होता, तो उठून बंद करायचं कोणालाच सुचेना.

"तुला कसं जमलं गं?" शेवटी ऑगीनं विचारलं. "एकतीस वर्षं?"

"जमलं कुठे," बर्नी म्हणाली. "दर नाताळला जीनचं कार्ड आलं की ठरवायचे, आज सांगायचं. मग तू ते मोठ्यानं वाचायचास, हसायचास, आणि फ्रिजला लावायचास."